'अनाथ', 'पोरका' आणि त्यांच्या नात्यातले शब्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून महिना आला की कोल्हापुरातल्या शाळांत प्रवेशाचे अर्ज भरले जातात आणि त्या अर्जांतल्या 'पालकाचे नाव' या रकान्यापाशी काही हात थबकतात. मुद्रितशोधनाच्या कामामुळे अहवाल, निमंत्रणपत्रिका, शिष्यवृत्तीची पत्रके माझ्याकडे येतात आणि त्यांच्या निमित्ताने आईवडील नसलेल्या मुलांसाठी कोणता शब्द वापरावा, त्याचा मूळ अर्थ काय, तो लिहिणे योग्य की अयोग्य, असे प्रश्न वर्षानुवर्षे विचारले जातात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत.

'अनाथ' या शब्दाचा मूळ अर्थ 'आईवडील नसलेला' असाच आहे का?

नाही. शब्द फोडून पाहिला तर त्यात आई नाही, वडील नाहीत आणि मृत्यूही नाही. 'अ' हा नकार आणि 'नाथ' म्हणजे आश्रय देणारा. 'ज्याला नाथ नाही तो अनाथ' असा हा बहुव्रीही समास आहे. त्याचा विरुद्धार्थी शब्द 'सनाथ'. प्राकृतात याचेच 'अणाह' असे रूप होते. मराठीने मात्र संस्कृतातले रूप जसेच्या तसे ठेवले. ज्याच्या पाठीशी कोणीही उभे नाही अशा कोणालाही, मग ते मूल असो, स्त्री असो वा म्हातारा माणूस असो, हा शब्द लागू होत असे. आज तो जवळजवळ केवळ मुलांपुरता उरला आहे. भाषेत असे अनेकदा घडते. 'मृग' म्हणजे पूर्वी कोणतेही रानटी जनावर, आता फक्त हरिण. व्याकरणकार याला अर्थसंकोच म्हणतात. त्यामुळे आजचा अर्थ चुकीचा ठरत नाही, परंतु मूळ अर्थ ध्यानात ठेवला तर पुढचे बरेच गुंते सुटतात.

मग 'नाथ' म्हणजे नेमके कोण?

पाणिनीय धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'नाथ्' आणि 'नाध्' हे दोन जुळे धातू एकाच सूत्रात येतात आणि त्यांचे अर्थ दिले आहेत याच्ञा, उपताप, ऐश्वर्य आणि आशीः; म्हणजे मागणे, पोळणे, सत्ता असणे आणि शुभ चिंतणे. मागणारा आणि देणारा ही दोन्ही टोके एकाच धातूत यावीत हे पहिल्यांदा वाचताना चमत्कारिक वाटते. पण ज्याच्याकडे अडल्यावेळी हात पसरता येतो तोच नाथ, असे म्हटले की ती दोन टोके जुळतात. अथर्ववेदात 'नाथ' हा शब्द नपुंसकलिंगी असून त्याचा अर्थ आश्रय किंवा साहाय्य असा आहे. आश्रय देणारी व्यक्ती, धनी, राजा, पती हे अर्थ नंतर पक्के झाले. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावरच्या जोतिबाला आपण केदारनाथ म्हणतो, तेव्हा त्या 'नाथ'मध्ये धनीपण आणि आसरा दोन्ही असतात. चैत्रात सासनकाठी खांद्यावर घेऊन डोंगर चढणाऱ्याला हा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

आईवडील असूनही एखाद्याला अनाथ म्हटल्याची जुनी उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि ती या विषयातली सर्वांत बोलकी उदाहरणे आहेत. श्वेतांबर जैन आगमांतील उत्तराध्ययन सूत्राच्या विसाव्या अध्ययनात मगधाचा राजा श्रेणिक आणि एक तरुण मुनी यांची भेट येते. एवढ्या रूपवान तरुणाने संसार का सोडला, असे राजा विचारतो. 'मी अनाथ आहे', असे मुनी उत्तर देतात. राजा हसून म्हणतो की तुमचा नाथ मी होतो. त्यावर मुनी त्याला सुनावतात की तू स्वतःच अनाथ आहेस, मग दुसऱ्याचा नाथ कसा होणार? मग ते आपली हकीकत सांगतात. कौशांबीत त्यांचे श्रीमंत वडील होते, आई होती, भावंडे होती, पत्नी होती. परंतु डोळ्यांत असह्य वेदना उठल्या तेव्हा त्यांपैकी एकालाही ती वेदना वाटून घेता आली नाही. परंपरा त्यांना अनाथी मुनी म्हणून ओळखते. भरलेल्या घरातला मुलगा स्वतःला अनाथ म्हणतो आणि ते ऐकणाऱ्याला पटते, यावरून त्या काळी शब्दाचा आवाका केवढा होता हे कळते.

बौद्ध परंपरेतला श्रावस्तीचा व्यापारी सुदत्त हा 'अनाथपिंडिक' या नावाने प्रसिद्ध आहे. पिंड म्हणजे अन्नाचा घास. अनाथांना घास देणारा तो अनाथपिंडिक. बुद्धाला जेतवन अर्पण करणारा तोच. त्याच्या दारात येणारे सगळे काही आईबापांविना वाढलेले नव्हते. ते निराधार होते, एवढेच. महाभारतात द्रौपदीच्या संदर्भात 'नाथवती अनाथवत्' असे शब्द येतात, आणि पाच पती असूनही भर सभेत जिच्या बाजूने कोणी उठले नाही तिच्यासाठी याहून नेमके शब्द सापडणे कठीण आहे.

विधवांनाही अनाथ म्हणत असत, हे खरे आहे का?

खरे आहे. 'नाथ' या शब्दाचा एक अर्थ पती असल्यामुळे संस्कृतात 'अनाथा' म्हणजे पतीचा आधार नसलेली स्त्री असाही अर्थ होतो. त्याचा पुरावा फार मागे जाऊन शोधण्याचे कारण नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात जी संस्था काढली तिचे नाव 'अनाथ बालिकाश्रम' असे होते, आणि ती होती विधवांसाठी. १९०० मध्ये ती हिंगण्याला गेली. आजची महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था ती हीच. आजचा वाचक ते जुने नाव वाचून तेथे आईवडील नसलेल्या मुली राहत असाव्यात असे समजतो. मी स्वतः एका स्मरणिकेत तशी चूक होताना पाहिली आहे आणि छपाईच्या आदल्या रात्री ती दुरुस्त करावी लागली होती. त्या काळच्या अनेक विधवा वयाने खरोखरच बालिका होत्या, आणि त्यांचे आईवडील बहुधा हयात असत. ज्या अर्थाने समाजाने त्यांचा 'नाथ' मोजला होता त्या अर्थानेच त्या अनाथ ठरत होत्या.

'अनाथ' आणि 'पोरका' यांत काय फरक आहे?

कोशात हे दोन शब्द एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून दिलेले असतात, परंतु वाक्यात ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पहिली गोष्ट व्याकरणाची. 'अनाथ' हे विशेषण लिंगानुसार बदलत नाही. अनाथ मुलगा, अनाथ मुलगी, अनाथ मूल. 'पोरका' मात्र पोरकी, पोरके असा बदलतो आणि आणखी एक गोष्ट करतो जी 'अनाथ'ला जमत नाही: तो चतुर्थी घेतो. 'तो लहानपणीच आईला पोरका झाला', 'ती बापाला पोरकी झाली' असे आपण सहज म्हणतो. 'तो आईला अनाथ झाला' असे कोणीही मराठी माणूस म्हणणार नाही. म्हणजे पोरकेपण कोणाविषयीचे आहे हे मराठी विचारते आणि सांगतेही. एका माणसाला पोरके होऊनही दुसऱ्याच्या मांडीवर वाढता येते.

दुसरा फरक कोणाच्या बाजूने पाहिले जाते याचा. 'अनाथ' ही बाहेरून केलेली नोंद आहे. ती रजिस्टरात होते, अर्जात होते, प्रमाणपत्रावर होते. 'पोरका' हे ज्याचे माणूस गेले त्याला आतून वाटते. म्हणूनच साठीच्या गृहस्थाची वृद्ध आई गेली तरी तो 'आज मी पोरका झालो' असे म्हणू शकतो आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. एखादा लोकनेता गेल्यावर चौकाचौकांत लागणाऱ्या फलकांवरही 'आम्ही पोरके झालो' असेच लिहिलेले असते. फलक लिहिणारा मनुष्य व्याकरण जाणत असो वा नसो, तेथे 'आम्ही अनाथ झालो' असे लिहिले तर मदतीची याचना केल्यासारखे होईल, हे त्याला आपोआप कळते.

बोलीत याहून सरळ शब्द आहेत. पन्हाळा, राधानगरी, कागल भागांत 'बिनआईबापाचं पोर' असे म्हणतात, आणि त्या शब्दांना कोणत्याही कोशाची गरज पडत नाही. वृत्तपत्री मराठीत 'मातृछत्र हरपले', 'पितृछत्र हरपले' असे येते. ती शब्दयोजना वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे हे मान्य, पण तिच्यातही डोक्यावरच्या आडोशाचीच कल्पना आहे.

आई किंवा वडील यांपैकी एकच गेले असेल तर मुलाला अनाथ म्हणावे का?

मराठी वहिवाटीप्रमाणे म्हणू नये. याबाबतीत निरनिराळ्या भाषांची मोजमापे निरनिराळी आहेत. अरबी भाषेत 'यतीम' म्हणजे ज्याचे वडील मूल वयात येण्यापूर्वी वारले ते मूल. आई हयात असली तरी ते यतीमच. गंमत अशी की जुने अरबी कोशकार हाच शब्द जनावरांच्या पिलाला लावताना आई गेलेले पिलू असा अर्थ देतात, कारण तेथे पोसणारी आई असते. म्हणजे पोसणारा कोण यावर शब्द ठरला. उर्दूमार्फत आपल्याकडे आलेल्या 'यतीम', 'यतीमखाना' या शब्दांत हा बारकावा सर्वसाधारण बोलण्यात उरलेला नाही, परंतु इस्लामी धर्मशास्त्रात तो कायम आहे.

युनिसेफ आपल्या आकडेवारीत आई किंवा वडील यांपैकी एक अथवा दोघेही गमावलेल्या मुलाला 'ऑर्फन' धरते. त्यामुळे तिचे जागतिक आकडे मराठीत आणताना 'अनाथ' असा सरळ शब्द वापरला की वाचकाची समजूत अशी होते की या सर्व मुलांना दोन्ही पालक नाहीत. अशा ठिकाणी 'एक किंवा दोन्ही पालक गमावलेली मुले' असे लांबलचक लिहावे. पानावर एक ओळ वाढली तरी चालेल. आपल्याकडे 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण आहे. तिचा कोरडेपणा पुष्कळांना खटकतो, पण ती मुलाच्या बाजूने अगदी व्यवहारी प्रश्न विचारते: आता याला जेवू कोण घालणार?

इंग्रजीतल्या 'ऑर्फन'चे आणि आपल्या 'अर्भक'चे काही नाते आहे का?

आहे, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याचे मला फार कौतुक वाटले होते. 'ऑर्फन' हा शब्द ग्रीक 'ऑर्फानोस'पासून लॅटिनमार्गे इंग्रजीत आला. भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध ज्या मूळ भारोपीय (भारत-युरोपीय) शब्दाशी जोडतात त्याच शब्दापासून लॅटिनमधला 'ऑर्बुस', म्हणजे वंचित झालेला, आणि संस्कृतातला 'अर्भ', म्हणजे लहान, दुबळा, हे शब्द आले असे मानले जाते. 'अर्भ'ला 'क' लागून 'अर्भक' झाले. म्हणजे आपल्याकडे लहानपणाचा अर्थ राहिला आणि ग्रीकांकडे हरवलेपणाचा.

या कुळाच्या आणखी शाखा पाहिल्या की मन थोडे अस्वस्थ होते. जर्मन भाषेतला वारशासाठीचा 'एर्बे' आणि कामासाठीचा 'आर्बाइट' हे शब्द याच कुळातले मानतात, आणि स्लाव्ह भाषांतला गुलामासाठीचा 'राब' हाही. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. त्यावरून कारेल चापेक या लेखकाच्या १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाटकात 'रोबोट' हा शब्द प्रथम आला; तो सुचवला होता त्याच्या भावाने, योसेफने. आईबाप नसलेले मूल, वारसा, राबणे आणि गुलामी या सगळ्या गोष्टी एका मुळाशी येऊन मिळाव्यात, यावरून प्राचीन काळी अशा मुलांच्या वाट्याला काय येत असावे याचा अंदाज बांधण्याचा मोह होतो.

'बेवारस', 'निराधार', 'अनौरस' हे शब्द 'अनाथ'च्या जागी चालतील का?

'बेवारस' मुळीच चालणार नाही. फारसी 'बे' आणि अरबी 'वारिस' यांपासून झालेला हा शब्द आज बसस्थानकावरच्या पिशवीला, रस्त्यावरच्या वाहनाला आणि ओळख न पटलेल्या मृतदेहाला लावतात. मुलाला तो लावल्याचे आजही कधी कधी बातमीत दिसते, ते थांबले पाहिजे. 'निराधार' हा शब्द व्यापक आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत वृद्ध, दिव्यांग, विधवा यांच्याबरोबर अनाथ मुलेही येतात.

'अनौरस' या शब्दाचा घोळ अधिक गंभीर आहे. 'उरस्' म्हणजे छाती. 'औरस' म्हणजे स्वतःच्या पोटचे, विवाहसंबंधातून झालेले अपत्य, आणि 'अनौरस' म्हणजे तसे नसलेले. त्याचा आईवडील हयात असण्या-नसण्याशी काहीएक संबंध नाही. केवळ दोन्हींच्या आरंभी 'अन' ऐकू येते म्हणून लोक ते जवळचे समजतात आणि नकळत एखाद्या मुलाच्या जन्मावर डाग लावून मोकळे होतात.

कायद्यात 'अनाथ' कोणाला म्हटले आहे?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यानुसार जन्मदाते किंवा दत्तक पालक अथवा कायदेशीर पालक नसलेले मूल अनाथ होय. आणि त्याचबरोबर ज्याचा कायदेशीर पालक सांभाळ करण्यास तयार नाही किंवा समर्थ नाही असे मूलही अनाथच. येथे शब्द फिरून आपल्या जुन्या अर्थावर आलेला दिसतो. मृत्यूचा दाखला हा कायद्याचा एकमेव निकष नाही. पाठीशी कोणी आहे का, हाच प्रश्न तोही विचारतो.

पालकांनी टाकून दिलेले मूल आणि पालकांनी स्वतःहून बाल कल्याण समितीपुढे सुपूर्द केलेले मूल यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. अनाथ किंवा टाकून दिलेले मूल दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त आहे असे बाल कल्याण समिती चौकशीनंतर घोषित करते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिने ही मुदत आहे. पालकांपासून दुरावलेले मूल कोणाला आढळले तर पोलिसांना किंवा १०९८ या क्रमांकावर कळवणे बंधनकारक असून त्या मुलाला चोवीस तासांच्या आत समितीपुढे हजर करावे लागते. 'सापडलेले मूल घरी नेऊन वाढवले' ही गोष्ट जुन्या कथांत शोभते, आज ती गुन्हा ठरू शकते.

अनाथ प्रमाणपत्राचा उपयोग काय?

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षण व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण दिले आणि त्यासाठी महिला व बालविकास विभागामार्फत मिळणारे प्रमाणपत्र लागते. नंतरच्या शासन निर्णयांत संस्थेत वाढलेल्यांबरोबर नातेवाइकांकडे वाढलेल्यांचाही विचार झाला. जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, वडिलांचे नाव यांवाचून आपल्याकडे जवळजवळ कोणताच अर्ज पुढे सरकत नाही. ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही त्याच्यासाठी हे प्रमाणपत्र हीच ओळख ठरते. म्हणून हा शब्द सर्वत्र पुसून टाका असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होत नाही. प्रमाणपत्रावर तो असलाच पाहिजे. वर्गाच्या हजेरीपटात नावापुढे लाल शाईने लिहिलेला मी पाहिला आहे, तेथे मात्र त्याचे काहीही काम नव्हते.

अनाथाश्रम, बालगृह आणि रिमांड होम एकच का?

एक नव्हेत. 'अनाथाश्रम' हा जुना शब्द असून अनेक संस्थांनी तो स्वतःहून सोडला. पुण्यात १९०९ मध्ये निघालेले 'अनाथ विद्यार्थी गृह' पुढे 'पुणे विद्यार्थी गृह' झाले. कोल्हापुरातल्या बालकल्याण संकुलाच्या नावातही 'अनाथ' नाही. आजच्या कायद्यात काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी 'बालगृह' आहे, तर कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांसाठी 'निरीक्षणगृह'. जुन्या मुंबई बालक कायद्याच्या काळात 'रिमांड होम' हा शब्द इतका रुळला की आमच्या पिढीतले लोक अजूनही दोन्हींना तोच लावतात आणि आईवडील नसणे हाच जणू अपराध असल्यासारखे वाटायला लावतात. घरात मूल खोड्या काढू लागले की 'रिमांड होममध्ये घालीन' ही धमकी आम्ही सर्वांनी ऐकलेली आहे.

राजर्षी शाहू महाराज अनाथ होते, असे भाषणात म्हणावे का?

म्हणू नये, कारण ते बरोबर नाही. कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या यशवंतरावांच्या आई राधाबाई १८७७ मध्ये वारल्या. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले, आणि १८८६ मध्ये वडील जयसिंगराव आबासाहेब यांचेही निधन झाले. बाराव्या वर्षाच्या आत ते जन्मदात्या आईला आणि वडिलांना पोरके झाले, हे वाक्य अचूक आहे. परंतु त्यांना दत्तक माता होती, गादी होती, सांभाळणारी माणसे होती. 'अनाथ' हा शब्द मूळ अर्थानेही लागत नाही आणि कायद्याच्या आजच्या अर्थानेही नाही. पुढे १९०१ पासून त्यांच्या आश्रयाने कोल्हापुरात जी वसतिगृहे उभी राहिली तीही अनाथालये नव्हती. खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलांची ती बोर्डिंगे होती.

शेजारच्या कन्नडमध्ये कोणता शब्द आहे?

'अनाथ' तेथेही आहे, पण त्यांचा खास शब्द 'तब्बलि'. गडहिंग्लजकडच्या दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरांत तो कानी पडू शकतो. त्याचा वापर आपल्या 'पोरका'च्या जवळ जातो.

'दीनानाथ' या नावात 'अनाथ' दडलेला आहे का?

संधीच्या नियमाने पाहिले तर 'दीन' अधिक 'अनाथ' म्हणजे 'दीनानाथ' होते खरे, आणि मग अर्थ अगदी उलटा निघतो. लोकांच्या मनात मात्र 'दीनांचा नाथ' हाच अर्थ आहे आणि संतांनी विठ्ठलाला त्याच अर्थाने हाक मारली. व्याकरणाने येथे गप्प बसणे बरे. ज्यांचे आईवडील बालपणीच गेले आणि ज्यांना आजोबांनी, चक्रपाणींनी, वाढवले त्या पैठणच्या संतांचे नावही 'एकनाथ' आहे, हा योगायोग जाता जाता नोंदवतो.

बालगृहात वाढलेल्या मुलीच्या लग्नपत्रिकेत तिचा उल्लेख कसा करावा?

हा प्रश्न मला दोनदा आला आणि दोन्ही वेळा कच्च्या मजकुरात 'अनाथ कन्या' असे शब्द होते. ते काढावेत. पत्रिकेत वधूच्या नावाखाली 'यांची कन्या' अशी जी ओळ असते तेथे तिला ज्यांनी वाढवले त्यांची नावे, किंवा संस्थेने वाढवले असेल तर संस्थेचे नाव, मुलीची संमती घेऊन द्यावे. निमंत्रकांच्या यादीत अधीक्षिकाबाई, स्वयंपाक करणाऱ्या मावशी, शिकवणारे गुरुजी यांची नावे असावीत. दुसऱ्या वेळी ती पत्रिका छापून आली तेव्हा खालची नावे एवढी झाली होती की मुद्रकाला अक्षरांचा आकार दोनदा लहान करावा लागला.